पेटी ट्यूनिंग, रविवार कारंजा: कान एक नंबर, वेळेचं मात्र विचारू नका

नाशिकच्या रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, बोर्डबिर्ड काही नाही, वाद्यांचा आवाज येईल तिकडे वळायचं. आमच्या पंचवटीतल्या भजनी मंडळाची पेटी तिथे दिली होती. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे सांगतो.

पेटी डबल रीडची, म्हणजे एका पट्टीला हवेने थरथरणाऱ्या दोन पितळी जिभा, खालच्या सप्तकाचा खर्ज आणि मधल्या सप्तकाचा नर. पट्टी दाबली की सूर सरळ लागायचाच नाही, वाँव वाँव करत हलायचा, भाता कितीही सावकाश मारा. दुकानाच्या काकांनी पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) दाबली, डोळे मिटले, म्हणाले "सेकंदाला दोन, म्हणजे खर्ज एकने चढलाय". मला आधी वाटलं टाकतायत काहीतरी, पण हिशोब चोख निघाला. पांढरी एक म्हणजे साधारण २६१.६ हर्ट्झ, म्हणजे नराची जीभ सेकंदाला तेवढ्या वेळा मागेपुढे होते, फ्रिक्वेन्सी म्हणतात ती हीच. खर्ज बरोब्बर निम्मा पाहिजे, १३०.८. आता खर्जाच्या आवाजात त्याची दुप्पट फ्रिक्वेन्सी पण मिसळलेली असते आणि ती नराशी जुळली की दोन्ही सूर एकजीव होतात, पण खर्ज १ हर्ट्झने सरकला की ती दुप्पट २ ने सरकते, मग दोन्ही लाटा घटकेत एकमेकींना साथ देतात घटकेत कापतात, आणि सेकंदाला दोनदा आवाज फुगतो नि बसतो. काका हे सगळं नुसत्या कानाने मोजतात! मी शेजारी ट्यूनर ॲप लावून बसलो होतो, आकडे तेच आले.

काम बघायला मिळालं ते तर पैसे वसूल. रीडची पितळी जीभ एका बाजूला घट्ट बसवलेली असते. मोकळ्या टोकाकडे कानशीने जरासं घासलं की ती हलकी होऊन भराभर हलते, सूर चढतो, आणि बुडाशी घासलं की तिथला ताठरपणा कमी होतो, सूर उतरतो. घास, बसव, वाजव, ऐक, परत घास. प्रत्येक रीडला हेच. जास्त घासली गेली तर जीभ कमजोर होते म्हणून घाई करत नाहीत, ते बरंच आहे.

आमच्या मंडळात एक वाद कायम असतो की भाता जोरात मारला की सूर चढतो. काकांनी तिथल्या तिथे दाखवलं, जोराने लाटेची उंची म्हणजे आयाम वाढतो, आवाज मोठा होतो, फ्रिक्वेन्सी जवळपास तीच राहते, फार जोर दिला तर उलट किंचित उतरतेच.

काकडआरतीला बासरी पेटीशी जुळत नाही हे पण विचारून घेतलं. कार्तिकातली नाशिकची पहाट, विचारायलाच नको. थंड हवेत ध्वनी हळू जातो, २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर आणि दर डिग्रीला साधारण ०.६ मीटरचा फरक. लाटेचा वेग म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले तरंगलांबी. बासरीत नळीची लांबी तरंगलांबी ठरवते, ती काही बदलत नाही, त्यामुळे वेग घटला की फ्रिक्वेन्सीच उतरते, फुंक गरम असते म्हणून थोडं सावरतं एवढंच. पेटीत फ्रिक्वेन्सी ठरवते रीड, म्हणून थंडीत तिची तरंगलांबी आखडते, सूर जवळजवळ जागेवरच. तेव्हा बासरीवाल्याला आधी दहा मिनिटं वाजवून बासरी तापवू द्या, पेटीला बोल लावू नका.

काकांनी गांधार (ग) थोडा उतरवून देऊ का असंही विचारलं. पांढरी एकचा षड्ज (सा) धरला तर तंबोऱ्यातला गांधार ३२७ च्या आसपास ऐकू येतो, पेटीत मात्र कीबोर्डसारखा ३२९.६ असतो, जाणकाराला खुपतोच तो. आकाशवाणीने पेटीला १९४० ते १९७१ बाहेर ठेवलं त्यामागे हे पण एक कारण होतं, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही हे दुसरं. पण आमच्याकडे कोणी काळी एकला गातो कोणी पांढरी चारला, एका षड्जासाठी गांधार उतरवला की दुसऱ्याला तीच पट्टी भलत्या सुराला लागणार, म्हणून नको म्हटलं. एकच गायक असेल तर जरूर करून घ्या.

आता कापलेला स्टार. "परवा या" म्हणजे परवा नाही हे धरून चाला, फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली जोडीची पट्टीही दाबणारी जोडणी) कडक होता तो सांगूनही तसाच राहिला. पैसे दोन हजाराच्या आत लागले, आतली साफसफाई त्यातच. गणपतीच्या आधी दुकानात पेट्यांची थप्पी लागते, त्यामुळे आषाढातच देऊन टाका, आणि घरात नववी-अकरावीचं पोर असेल तर सोबत न्या, फक्त काका ऐकत असताना बडबड करू नको म्हणावं.