कूलंटच्या नावाखाली पाणी विकलं, आणि वर म्हणे ‘मिक्सिंग तुमचं चुकलं’

पुण्याजवळ भोसरीत माझं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो. तीन सीएनसी टर्निंग, दोन व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी संगणकी मशीनं. कूलंट म्हणजे कापताना हत्यार गार राहावं म्हणून पाण्यात मिसळून सोडायचं तेल. कूलंटच्या दोन बॅरलपायी मला १,६३,३७४ रुपयांचा चुना लागला. लाज वाटते, पण लिहितोय, कारण ते विकणारा माणूस अजून एमआयडीसीत फिरतोय.

मार्च एंडिंगला आला. ‘टार्गेट पूर्ण करायचंय साहेब, स्टॉक काढतोय.’ नामांकित कंपनीचं सोल्युबल कटिंग ऑईल, जे मी २३२ रुपये लिटरने घेतो, ते १६५ ला. खिशातून सॅम्पलची बाटली काढली, ग्लासभर पाण्यात सोडलं, क्षणात पांढरं फक्क. रिफ्रॅक्टोमीटरची (पाण्यात तेल किती टक्के ते दाखवणारं मीटर) रेघ बरोबर जागेवर. सॅम्पल अर्थातच अस्सल होतं! सॅम्पल बघून बॅरल घेऊ नका, आलेलं बॅरल उघडून त्यातलंच तपासा, मग पैसे द्या. २१० लिटरची दोन बॅरल, ६९,३०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ८१,७७४. ४०,००० आगाऊ, बाकी माल उतरल्यावर. बिल फर्मच्या नावाचं आणि खातं भलत्याच माणसाचं. तिथेच थांबायला हवं होतं, मान्य. पण आमच्या लेनमधल्या दोघांनी त्याच्याकडून माल घेतला होता. आज ते दोघंही गप्प आहेत.

आता तो क्षण, जो डोक्यातून जात नाही. पहिल्या बॅरलला हँडपंप लावला. पंपाची नळी तळापर्यंत जाते, म्हणजे आधी तळाचंच वर येतं. तांबूस, जाडसर तेल यायला हवं. आली करडी, पातळ धार. आमचे जुने ऑपरेटर मामा म्हणाले, ‘शेठ, हे तेल नाय, पाणी येतंय. आणि रॉकेलचा वास मारतोय.’ मी म्हणालो, ‘मामा, तळाचा मळ असेल, मारा अजून दहा दांडे.’ खरंच नंतर तेल आलं. मला तेवढंच हवं होतं. त्या दिवशी संध्याकाळी डिस्पॅच होता, संप (मशीनखालच्या कूलंटच्या टाक्या) धुऊन रिकामे पडले होते, मशीन उभी होती. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं.

पाच टक्क्यांचं मिश्रण केलं. आमच्या ग्रेडचा फॅक्टर एक, म्हणजे जेवढे टक्के तेल तेवढंच मीटर दाखवतं, रेघ पाचवर यायला हवी. आली तीनवर. जवळजवळ दुप्पट तेल ओतल्यावर कुठे पाच दिसले. दुसऱ्या दिवशी संपवर पिवळट साय, आणि चाकणच्या ग्राहकाला गेलेल्या सीआय (बिडाच्या) हाउसिंगच्या आतल्या भोकात लाल गंज. ३४० नग रिजेक्ट, १७० रुपये नगाप्रमाणे ५७,८०० ची डेबिट नोट, म्हणजे ग्राहकाने तेवढे पैसे माझ्या बिलातून कापले. मामांच्या मनगटावर पुरळ आलं ते वेगळंच.

त्या विकणाऱ्याला फोन केला तर साहेबांची उत्तरं तयार. ‘तुम्ही तेलात पाणी ओतलं असेल.’ अरे, वीस वर्षं शॉप चालवतोय. आधी पाणी, मग ढवळत ढवळत तेलाची बारीक धार, हे आमच्याकडे हेल्परलाही ठाऊक आहे. उलटं केलं तर इमल्शनच (तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) उलटं होतं, घट्ट गोळा बनतो आणि फुटत नाही. ‘बोअरवेलचं जड पाणी असेल.’ एमआयडीसीच्या नळाचं आहे, हार्डनेसची पट्टी लावून बघितलेलं. ‘तुमचं मीटर बिघडलंय.’ नुसत्या पाण्याचा थेंब टाकला की शून्य दाखवतं. शेवटी म्हणाला, ‘बॅरल बाहेर उभं ठेवलंत, वळवाचं पाणी आत गेलं.’

हे शेवटचं सगळ्यात हुशारीचं. कारण असं खरंच होतं. उभ्या बॅरलच्या माथ्यावर पाणी साचतं, रात्री बॅरल गार झालं की आतली हवा आकसते आणि बुचातून ते पाणी आत ओढलं जातं. पण माझी बॅरल शेडमध्ये, लाकडी पॅलेटवर, छपराखाली होती, आणि उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिलं फोडलं. या धंद्यातली फसवणूक अशी स्टोरेज आणि मिक्सिंगच्या आड लपते. म्हणून बॅरल उतरताना व्हिडिओ काढा: बुचावरची टोपी, बॅच नंबर, तारीख. फोडताना तळातलं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत भरून सील करा, दोघांच्या सह्या घ्या.

खासगी लॅबने ६,८०० घेतले. कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या न मिसळलेल्या तेलात, ३८ टक्के पाणी, गंजरोधक नावापुरता. सेमी-सिंथेटिकमध्ये पाणी असतंच, पण मिनरल सोल्युबल ऑईलमध्ये एवढं? संप साफ करून ते घाण मिश्रण रीतसर पाठवायला १४,५०० गेले. गटारात सोडलं असतं तर प्रदूषणवाले मात्र लगेच आले असते.

बाकी कोणी आलं नाही. चौकीत पहिला प्रश्न, ‘कूलंट म्हणजे गाडीतलं का?’ समजावून सांगितलं, रिपोर्ट दाखवला. ‘तुमचं मिक्सिंग चुकलं नाही कशावरून? हा दिवाणी वाद आहे.’ फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय एवढंच बदललं. अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर म्हणाले माल मिळालाय, हा सायबर नाही. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक हेल्पलाइन म्हणे हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही. लघुउद्योगांचं समाधान पोर्टल? ते पुरवठादाराचे थकलेले पैसे मिळवायला, खरेदी करणारा बुडाला तर त्याने कुठे जायचं ते कोणी लिहिलेलंच नाही. बिलावरचा जीएसटी नंबर खरा, नोंदणी मात्र रद्द झालेली. म्हणजे भरलेल्या जीएसटीचं १२,४७४ चं क्रेडिटही (माझ्या करातून वजा होणारी रक्कम) गेलं. जीएसटी अधिकारी मलाच म्हणाले, ‘तुम्ही तपासायला नको होतं?’ पोर्टलवर नंबर टाकला की फुकट दिसतं, तुम्ही टाका. आणि कर भरणारा मी, चौकशी माझी, तो मोकळा. वकिलाच्या नोटिशीचे २,५०० दिले, ती ‘पत्त्यावर राहत नाही’ शेरा मारून परत आली.

दुसरं बॅरल फोडलेलं नाही. त्याच्या लेबलचा कोपरा सुटलाय आणि खाली दुसऱ्याच ग्रेडचं जुनं लेबल दिसतंय. रिकामी बॅरल भंगारात देताना लेबल फाडा, बुचाजवळ भोक पाडा, नाहीतर तीच भरून परत आपल्याच दारात येतात.

परवा चाकणच्या एका मित्राकडे तो येऊन गेला. फर्मचं नाव नवं, बाटली तीच. आता १५८ सांगतोय.