नर्सिंग प्रवेशासाठी ‘प्रोफाइल स्ट्राँग करून देतो’ म्हणणाऱ्याने आमचे 97,500 रुपये खाल्ले

35,000 रोख, 12,500 फोनपेवर, 50,000 बँकेतून. एकूण 97,500. आकडे मुद्दाम नीट लिहितेय, कारण नातेवाइकांत ‘दोन-तीन लाख बुडवले म्हणे’ अशी कुजबुज चालू आहे आणि ती मला आता ऐकवत नाही.

मुलगी लातूरला नीटची तयारी करत होती. मेडिकलचं जमणार नाही हे दिसल्यावर बी.एस्सी. नर्सिंगचं ठरलं. नर्सिंगची सीईटी तिने दिली होती, मार्क मध्यम आले. सरकारी कॉलेजात जागा मोजक्या आणि अर्जांचा पाऊस. अशातच ओळखीतून ट्युशन एरियातला एक ‘ॲडमिशन गायडन्स’वाला कळला. ही माणसं कशी गोड बोलतात ते वेगळं सांगायला नको. “मावशी, नुसत्या मार्कांवर आता भागत नाही, प्रोफाइल स्ट्राँग पाहिजे.” हॉस्पिटलमधल्या सेवेचा अनुभव, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट आणि डॉक्टरांचं शिफारसपत्र, तिन्ही मिळून मेरिटला 15 गुण वाढतात म्हणाला. छापील तक्ता पुढे ठेवला. 35,000 ची पावतीही दिली, शिक्क्यासकट.

मला कुणी अडाणी म्हणू नये. मी अंगणवाडी सेविका आहे, रोज रजिस्टरं भरते. आमच्या भरतीत अनुभवाला गुण असतात, हे मी स्वतः पाहिलंय. मग नर्सिंगसारख्या सेवेच्या शिक्षणाला ते असतील, यात मला वावगं काय वाटणार होतं?

पण एक क्षण आठवला की आजही जेवण जात नाही. त्याने अनुभवाचं प्रमाणपत्र आणून दिलं. गोल शिक्का, निळी सही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही. वर लिहिलेलं: 1 जानेवारी ते 31 मार्च, वॉर्डात सेवा. पोरगी लगेच म्हणाली, “आई, तेव्हा माझी बारावी चालू होती ना? प्रॅक्टिकल, मग बोर्डाचे पेपर. मी वॉर्डात कधी होते?” मी त्याला विचारलंही. तो हसला. “तारखा कोण बघतं मावशी? शिक्का बघतात.” तिथेच तो कागद त्याच्या टेबलावर टाकून उठायला हवं होतं. पण 35,000 आधीच त्याच्या खिशात होते, बाहेर पाच-सहा आईबाप नंबर लावून बसलेले. इतके लोक खोट्यासाठी बसतील का, असंच कुणालाही वाटेल.

मग ‘व्हेरिफिकेशन’चे 12,500. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही, मुलगी दोन वेळा जेवली नाही, त्याच संध्याकाळी त्याचा फोन: संस्थेच्या कोट्यातली जागा धरून ठेवतो, 50,000 लगेच पाठवा. खातं कुठल्या कॉलेजचं नव्हतं, एका माणसाचं बचत खातं होतं. त्यानंतर फोन बंद.

आणि अर्ज? तो त्यानेच भरला होता, स्वतःचा मोबाइल नंबर टाकून. ओटीपी त्याच्याकडे जायचे. कॉलेजांचे पसंतीक्रमही त्याच्याच मर्जीचे. खटपट करून लॉगिन परत मिळवलं आणि नेट कॅफेतल्या पोराने अर्ज उघडून दाखवला. त्यात अनुभव, शिफारस, प्रथमोपचार यांना जागाच नव्हती! मेरिट सीईटीवर लागतं. 100 प्रश्न, 100 गुण: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी 20. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. अर्ज मजबूत होतो तो एवढ्यानेच, आणि जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल वेळेत हातात असण्याने. ते कागद काढायला पैसे आणि वेळ घाला.

पोलिसांचं काय सांगू! ठाण्यात पहिला प्रश्न: “पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? मग हा दिवाणी मामला.” फोनपे आहे म्हणून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणसाला समोरासमोर भेटलात, रोख दिलेत, ठाण्यातच जा. परत ठाण्यात आल्यावर साहेब बदललेले. नवीन साहेबांनी ते प्रमाणपत्र हातात घेतलं आणि म्हणाले, “बोगस कागद तुम्ही घेतलात, गुन्हा तुमच्यावरच लागेल, बघा बाई.” लेकीसमोर! लुटणारा राहिला बाजूला, आम्हीच आरोपी. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तोवर खात्यातून रक्कम काढून झाली होती. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेकडून माहिती आणा. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालचा गुन्हा आहे, हे मला वकिलाकडून कळावं? ठाण्यातल्या माणसाला ते ठाऊक नसेल का?

ठाण्यात घेत नसतील तर तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात, 1930 फिरवा. अर्जात मोबाइल नंबर स्वतःचाच टाका. आणि मुलींच्या आईबापांनो, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना 2024 पासून जी पूर्ण शिक्षण शुल्कमाफी आहे, ती राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) घेतलेल्या प्रवेशाला आहे. कोट्यातली जागा खरी मिळाली असती तरी आम्ही त्या माफीला मुकलो असतो.

बोगस प्रमाणपत्र चुकूनही कुठे जोडू नका, मिळालेला प्रवेशसुद्धा रद्द होतो. पण फाडूही नका, तोच पुरावा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी तिथे पावती, चॅट आणि बँकेचा उतारा जोडून अर्ज टाकला आहे. त्याच माणसाकडे पैसे भरलेले आणखी कुणी असतील तर त्यांनीही टाकावा.