चिपवरच्या नमुन्याचं खरं तापमान: सोन्याची वलयं की ॲल्युमिनिअमचा प्लाझ्मॉन?

नमुना तापवणाऱ्या चिपच्या कंट्रोलरवर ५०० अंश दिसतात ते चिपवरच्या हीटरचे. प्लॅटिनमने चिकटवलेली लॅमेला, म्हणजे नमुन्याची पातळ पट्टी, तितकी तापली असेलच असं नाही. निर्वातात उष्णता जवळपास सगळी त्या जोडातूनच येते. म्हणून टीईएममध्ये (इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) नमुन्यालगत खरं तापमान सांगणारा एखादा साक्षीदार पदार्थ हवाच.

सोन्याचा मार्ग स्वस्त. एक-दोन नॅनोमीटर जाडीचं सोनं स्पटर केलं (निर्वातात फवारून बसवलं) की त्याचे कण होतात. समांतर झोतात डिफ्रॅक्शन घ्यायचं, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांची वलयं टिपायची, त्या वलयांवर लंबवर्तुळ बसवायचं आणि त्रिज्या किती आकसली ते पाहायचं. ईल्स (इलेक्ट्रॉनांनी गमावलेली ऊर्जा मोजणारं तंत्र) नसलेल्या लॅबला हाच पर्याय, आणि तो वाईट नाही. पण सोनं केल्व्हिनमागे दशलक्षात १४ भागच प्रसरण पावतं, म्हणजे कॅमेरा लेंग्थ (वलयांचा आकार ठरवणारं प्रभावी अंतर) ०.१ टक्क्याने हलली तर उत्तर ७० अंशांनी चुकतं. आणि ती हलतेच. तापल्यावर चिपचा सिलिकॉन नायट्राइडचा पातळ पडदा फुगतो, नमुना फोकसबाहेर जातो, हात सवयीने ऑब्जेक्टिव्हच्या नॉबकडे वळतो, आणि तिथेच कॅलिब्रेशन गेलं. लेन्सचा करंट न बदलता प्रत्येक टप्प्यावर स्टेजची उंची फिरवूनच फोकस आणावा लागतो. झोत पूर्ण समांतर नसेल तर तेवढ्यानेही भागत नाही. या एका कटकटीमुळे माझा कल दुसरीकडे गेला.

प्लाझ्मॉन म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांचं सामूहिक दोलन, ईल्सच्या स्पेक्ट्रममध्ये ते शिखर म्हणून दिसतं. त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते, पडद्याच्या फुगवट्याशी तिचं देणंघेणं नाही. ॲल्युमिनिअमचं १५ इव्हीचं (इलेक्ट्रॉन-व्होल्टचं) शिखर केल्व्हिनमागे अर्धा मिलीइव्ही खाली सरकतं. लॉस एंजेलिसच्या गटाने २०१५ मध्ये याच सरकण्यावरून ॲल्युमिनिअमच्या तारेचा तापमान-नकाशा काढला. शिखर खूप रुंद असतं, तरी पुरेसे स्पेक्ट्रम घेऊन फिट केलं तर काही मिलीइव्हीपर्यंत जाता येतं. अट एकच: शून्य-हानीचं शिखर (ऊर्जा न गमावता आलेल्या इलेक्ट्रॉनांचं) त्याच वेळी नोंदवायचं, नाहीतर स्पेक्ट्रोमीटरची वाहवत जाणारी ऊर्जाच तापमान म्हणून मोजाल.

ॲल्युमिनिअमचा सलग थर मात्र नको. पडद्याचं नायट्राइड त्याला धरून ठेवतं आणि शिखराचं सरकणं साधारण पाव भागाने कमी दिसू शकतं. सुटे, शंभरेक नॅनोमीटरचे कण घ्या. कणाच्या मधोमध मोजा. कडेला पृष्ठभागाचा प्लाझ्मॉन मिसळतो. खोलीच्या तापमानाचा संदर्भ त्याच कणावर घ्या. सिलिकॉनच्या नमुन्यातही साक्षीदार ॲल्युमिनिअमच ठेवा: सिलिकॉनचं स्वतःचं शिखर केल्व्हिनमागे ०.०७ मिलीइव्हीच्या आसपासच हलतं.

तिसरा मार्ग, नमुन्याकडून ऊर्जा मिळवणाऱ्या आणि त्याला ऊर्जा देणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं गुणोत्तर काढणं, तत्त्वतः सर्वांत सरळ, कॅलिब्रेशनच लागत नाही. पण मोनोक्रोमेटर (झोताच्या ऊर्जेतला फरक कमी करणारं उपकरण) असेल तरच.

६०० अंशांच्या वर ॲल्युमिनिअमवर विसंबू नये, ते ६६० ला वितळतं. तिथे सोन्याकडेच यावं लागेल, तेही थोडे मोठे कण घेऊन. कारण बारीक कण तोवर एकमेकांत मिसळून वलयांचे ठिपके झालेले असतात.