पॅनेल खोलले, पण वायरीचे पैसे कॉन्टॅक्टरवर चढले: उत्पादन सॉफ्टवेअरचा वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या गाळ्यात मोटर कंट्रोल पॅनेल तयार होतात आणि त्यांचा साठा व खर्च आम्ही वर्षभर एका उत्पादन सॉफ्टवेअरवर ठेवत आहोत. खरेदी, वर्क ऑर्डर आणि चलन याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तयार पॅनेल खोलून सुटे भाग पुन्हा स्टोअरमध्ये जमा करण्याच्या सोयीबद्दल.

एका ग्राहकाने काम पुढे ढकलले, पॅनेल पडून राहिले आणि दुसऱ्या ऑर्डरला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे विद्युत स्विच) तातडीने हवे होते, म्हणून आम्ही काही पॅनेल खोलले. सॉफ्टवेअरने बीओएमप्रमाणे, म्हणजे पॅनेलला लागणाऱ्या भागांच्या यादीप्रमाणे, सगळेच भाग साठ्यात जमा केले: कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, एमसीबी, एन्क्लोजर आणि त्यांच्यासोबत दीड स्क्वेअर मिमीची सगळी कंट्रोल वायर आणि वायरीच्या टोकांना बसवायचे धातूचे लग व फेरूलसुद्धा. मापाने कापलेल्या वायरीचे पुन्हा बंडल होत नाही आणि एकदा दाबून बसवलेले (क्रिंप केलेले) फेरूल दुसऱ्यांदा वापरता येत नाही. स्क्रीनवर वायर शिल्लक दिसत होती, रॅकवर नव्हती; त्या भरवशावर पुढची वर्क ऑर्डर निघाली आणि वायरमन हातावर हात ठेवून बसले.

सेवा विभागाने सांगितले की जे परत मिळत नाही त्याची मात्रा शून्य करा. तसे केले, आणि खरा दोष तेव्हा दिसला. समजा पॅनेलची किंमत २०,००० रुपये आहे. त्यात परत मिळणारे भाग १७,००० चे, वायर, लग व फेरूल १,४०० चे आणि मजुरी १,६०० ची. वायर काढून टाकल्यावर सॉफ्टवेअर पूर्ण २०,००० रुपये उरलेल्या भागांवर वाटते, त्यामुळे ३,४०० चा कॉन्टॅक्टर स्टोअरमध्ये ४,००० चा होऊन येतो. तोच कॉन्टॅक्टर लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, नवा ३,४०० ला मिळत असेल, तर आमचे दरपत्रक विनाकारण चढते आणि हे आपल्याला कळतही नाही, कारण वाढ भारित सरासरीत, म्हणजे जुन्या-नव्या मालाच्या मिळून निघणाऱ्या दरात, मिसळून जाते. लेखा मानक २ नुसार वाया गेलेल्या साहित्याचा व मजुरीचा असाधारण खर्च साठ्याच्या किमतीत धरता येत नाही. तो नफा-तोटा पत्रकात जायला हवा. नुकसानीसाठी एक ओळ, एवढेच मी मागत होतो.

त्या एका ओळीसाठी वेगळे काम करून देण्याचे जे शुल्क मला सांगण्यात आले, ते मी दिले नाही आणि देणारही नाही. वस्तू विकताना जे काम होते म्हणून सांगितले जाते, त्याचे पैसे दुसऱ्यांदा का मोजायचे?

मधल्या काळात मात्र एक सुधारणा आली आणि माझे मत बरेच बदलले. आता पॅनेल खोलताना मूळ वर्क ऑर्डर निवडता येते, त्यामुळे आजच्या बीओएमऐवजी त्या पॅनेलमध्ये प्रत्यक्ष लागलेले भाग त्यांच्या सीरियल क्रमांकांसह परत येतात. पूर्वी बीओएममध्ये कॉन्टॅक्टरचा मेक बदलला, की जुन्या पॅनेलमधून नव्या मेकचा कॉन्टॅक्टर निघाल्याची नोंद व्हायची. हमीच्या दाव्यासाठी सीरियल क्रमांक अचूक असणे आम्हाला फार मोलाचे आहे आणि हे काम त्यांनी मनापासून केले आहे.

किमतीचा दोष अजून आहे. आमच्या लेखापाल बाईंनी त्यावर उपाय शोधला: खोलण्याची नोंद झाल्यावर स्वतंत्र मूल्य-दुरुस्तीची नोंद करून प्रत्येक भागाचा दर मूळ खरेदीवर आणायचा आणि फरक नुकसान खात्यात टाकायचा. तांब्याचे तुकडे भंगार म्हणून वजनावर जमा करायचे, कारण जीएसटी नियम ५६ प्रमाणे भंगार आणि वाया गेलेला माल यांचाही हिशेब ठेवावा लागतो. आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असल्याने १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा ऑडिट ट्रेलही (कोणता बदल केव्हा झाला याची न पुसता येणारी नोंद) सक्तीचा आहे, म्हणून त्या दुरुस्तीखाली कारण लिहिणे आम्ही नियमच करून टाकले आहे.

सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी मी सध्याच्याच वापरकर्त्यांपुरती भरणार आहे, वाढवणार नाही. ज्यांच्याकडे तयार माल वारंवार खोलावा लागतो, त्यांनी खरेदीपूर्वी विक्रेत्याला समोर बसवून एक पॅनेल खोलायला लावावे, वायरीची मात्रा शून्य करायला सांगावे आणि मग कॉन्टॅक्टरचा दर काय झाला ते पाहावे.