काटा बघायला मागितला, तो दाखवला नाही, तरी मी पैसे पाठवले

आकडा आधीच लिहून टाकतो. हॅम रेडिओच्या जुन्या अँप्लिफायरचे ७२,५००, पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे ३,८५०, नंतर पुन्हा पाठवलेले ९,०००. एकूण ८५,३५० रुपये. एप्रिल-मे मध्ये केळीवाल्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भरून कमावलेला पैसा होता हा.

खान्देशात माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे, २८ वर्षं झाली. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसवर बोलण्याचा, जनरल ग्रेडचा परवाना आहे. हे सांगतोय कारण ज्याला सांगितलं तो आधी हेच म्हणाला, ‘नाना, तुम्ही तर यातले, तुम्ही कसे फसलात?’ यातला आहे म्हणूनच फसलो. ज्याला काही कळत नाही तो या वस्तूच्या वाटेलाच जात नाही.

वस्तू म्हणजे हीथकिटचा एसबी-२२०, वायरलेस सेटची ताकद वाढवणारा अँप्लिफायर. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची ही कंपनी तो किट म्हणून विकायची, घेणाऱ्यानं घरी सोल्डर मारून जोडायचा. आत ३-५००झेड जातीचे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या, आणि त्यांच्या प्लेटवर ३,००० व्होल्टच्या आसपास. आपल्याकडे जनरल ग्रेडला ४०० वॅटची मर्यादा आहे, तेवढ्यावरच चालवणार होतो. माझा १०० वॅटचा सेट २० मीटरच्या बँडवर गर्दीत दबून जातो. पंधरा वर्षं हा अँप्लिफायर डोक्यात होता. हावरटपणा म्हणणाऱ्यांनी म्हणावं, पण फुकटात काही मागितलं नव्हतं मी. किंमत सांगेल ती दिली.

विकणारा दक्षिणेतल्या एका शहरातला. ‘सासरे हॅम होते, वारले, सामान काढतोय.’ त्यानं सासऱ्यांची कॉल साइन दिली, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं हॅमचं सांकेतिक नाव. मी जुन्या ओळखीच्या दोघांना विचारलं. त्या कॉल साइनचा हॅम खरा होता आणि वारलाही होता. तेवढ्यावर माझी खात्री पटली. कॉल साइन खरी म्हणून जावईही खरा, हे मी कशावरून ठरवलं? कॉल साइन तर क्यूएसएल कार्डावर, म्हणजे बोलणं झाल्याची पोच म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात त्या कार्डावर, छापलेली असते, रद्दीतून कुणाच्याही हाती लागेल. तुम्हाला कुणी वारलेल्या हॅमची कॉल साइन दिली तर आधी त्याच्या घरच्यांशी बोला.

आता तो व्हिडिओ. ४७ सेकंदांचा. पंखा फिरतोय, जाळीतून दोन्ही व्हॉल्व्ह पेटलेले दिसताहेत, समोर काट्याचे दोन मीटर. एक मीटर प्लेट करंटचा. दुसऱ्याची चावी फिरवली की तो ग्रिड करंट, पॉवर किंवा हाय व्होल्टेज (एचव्ही) दाखवतो. चावी ग्रिडवर होती. नुसता चालू करून ठेवलेल्या अँप्लिफायरला ग्रिडचा काटा शून्यावरच असतो, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण मी विचारलं होतं! ‘चावी एचव्हीवर घ्या, काटा दाखवा,’ असं स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘करतो.’ दहा मिनिटांनी फोन, ‘लाइट गेली.’ आमच्याकडे लाइट रोज जाते, मला त्यात नवल वाटलं नाही. संध्याकाळी म्हणाला, नागपूरची पार्टी पैसे टाकतेय. मी ७२,५०० पाठवले.

या अँप्लिफायरमध्ये फिलामेंटचा, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा, ट्रान्सफॉर्मर वेगळा असतो आणि हाय व्होल्टेज देणारा प्लेटचा वेगळा. प्लेटचा काढून घेतला तरी व्हॉल्व्ह पेटतात, पंखा फिरतो, सगळं जिवंत दिसतं. फक्त एचव्हीचा काटा हलत नाही. हे मला माहीत होतं. दिवसभर ट्रान्सफॉर्मरच करतो मी. तो व्हिडिओ पंधरा-वीस वेळा बघितला आणि प्रत्येक वेळी पेटलेले व्हॉल्व्हच बघत बसलो.

खोका आला, वजन बरोबर वाटलं. झाकण काढलं. दुकानातला पोरगा वाकून बघत होता, माझ्या आधी तोच बोलला, ‘नाना, हाई ते इन्व्हर्टरनं शे!’ प्लेट ट्रान्सफॉर्मरच्या जागी घरगुती इन्व्हर्टरचा जुना ट्रान्सफॉर्मर. वजन भरावं म्हणून दोन नव्या बोल्टांनी आवळलेला. १२ व्होल्टच्या बाजूची जाड टोकं कापून वर काळी टेप गुंडाळलेली. कुठेच जोडलेला नव्हता. असे शेकडो माझ्या हाताखालून गेलेत.

फोन केला तर म्हणाला, सासऱ्यांनीच बदलला असेल, मूळचा माळ्यावर आहे, ९,००० पाठवा, लगेच लावतो. तेही मी पाठवले. का, तर मूळ ट्रान्सफॉर्मरशिवाय ७२,५०० मातीत जाणार होते. तिथून पुढे फोन बंद.

व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये तसेच ठेवून पाठवले होते. ते काढून वेगळे पॅक करायला लावा, नाहीतर मागवू नका. मी नुसती फिलामेंटं चालू केली आणि उजवीकडच्या व्हॉल्व्हमध्ये पांढरा धूर फिरला. व्हॅक्यूम गेलेलं होतं. काचेला आतून भुकटी बसली आहे, ती आता कशानंही निघत नाही.

मग पोलीस. पहिल्या दिवशी, ‘अँप्लिफायर म्हणजे डीजेचा का?’ समजावून सांगितलं, तर माझाच परवाना मागितला आणि वायरलेस घरी का ठेवता यावर अर्धा तास चौकशी. तक्रारदार मी, आणि खुर्चीवर आरोपीसारखा बसलेलोही मीच. दुसऱ्या दिवशी, ‘माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद.’ इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर काढून टेबलावर ठेवला, हात लावून बघायलाही कुणी तयार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, ते छापून नेलं, तर ‘आम्हाला कायदा शिकवू नका.’ तिसऱ्या दिवशी सायबरकडे पाठवलं, सायबरनं ठाण्याकडे पाठवलं. बँक म्हणते पैसे तुम्हीच टाकले. वकील म्हणाले, विकणारा व्यापारी नाही, ग्राहक आयोगात टिकणं कठीण. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तो १९ दिवसांनी, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही तासाभरात करा, लाज वाटली तरी करा. माझे १९ दिवस लाजेतच गेले, घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. शेवटी अर्ज घेतला आणि म्हणाले, वस्तू मुद्देमाल म्हणून जमा करावी लागेल. म्हणजे तीही जाणार!

त्या शहरात कुणी ना कुणी हॅम असतोच. त्याला पाठवा, रिक्षाभाडं द्या, समोर झाकण उघडून ट्रान्सफॉर्मर बघू द्या. पण चालू असताना कुणीही आत हात घालायचा नाही, आणि बंद केल्यावरही आठ कपॅसिटर पूर्ण उतरल्याशिवाय नाही. ३,००० व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत.

अँप्लिफायर माझ्याकडे आहे, पण व्हिडिओ अजून त्याच्याकडेही आहे. मागे निळी भिंत, लोडच्या नॉबखाली बोटभर आडवा ओरखडा, चावी ग्रिडवर, ४७ सेकंद. हा व्हिडिओ कुणाला आला तर एक रुपया पाठवू नका आणि मला कळवा.