हायफेट्झ घ्यावा की ओइस्त्राख?

कौल आधीच देऊन टाकतो. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोसाठी (एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना) व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राखचं मुद्रण घ्या, छोट्या चमकदार रचनांसाठी याशा हायफेट्झचं. उलट केलंत तरी पैसे बुडणार नाहीत, फक्त पहिल्या ऐकण्यात दमछाक होईल.

हायफेट्झचा कॉन्चेर्टो १९५७चा, संचालक फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनीसोबत. ओइस्त्राखचा १९५९चा, युजीन ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत. दोन्ही स्टिरिओ. हायफेट्झ अर्ध्या तासाच्या आसपास आटोपतो, ओइस्त्राखला त्याहून काही मिनिटं जास्त लागतात. सगळा फरक लयीचा नाही. हायफेट्झ आपले गुरू लिओपोल्ड आउअर यांची प्रत वाजवतो आणि आउअरनी शेवटच्या भागाला कात्री लावली होती. गंमत म्हणजे १८७८ साली लिहिलेला हा कॉन्चेर्टो आधी आउअरनाच अर्पण केला होता. त्यांनीच तो वाजवायचं टाळलं. अखेर १८८१ मध्ये व्हिएन्नात अडॉल्फ ब्रॉडस्कीने तो प्रथम वाजवला.

खरी निवड होते ती मधल्या संथ भागात. घोडीवर म्यूट (आवाज दबवणारा छोटा चिमटा) चढवलेला, सूर दबका. हायफेट्झ इथेही ताठ असतो: सुंदर, पण मनातलं सांगायला नाखूश. ओइस्त्राखचा गज जाड, उबदार सूर काढतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना घाई करत नाही. मींड ऐकून तयार झालेल्या आपल्या कानांना हे लगेच पटतं. शिवाय हायफेट्झच्या मुद्रणात व्हायोलिन अगदी कानाशी, ऑर्केस्ट्रा मागे. काहींना तेच आवडतं. हेडफोनवर मला ते टोचतं.

छोट्या रचनांत मात्र पारडं फिरतं. फ्रेंच संगीतकार सँ-सान्सने १८६३ मध्ये व्हायोलिनवादक सारासाटेसाठी लिहिलेलं ‘इंट्रोडक्शन अँड रोंडो काप्रिचिओसो’ दोघांनीही वाजवलंय: ओइस्त्राखने १९५५ मध्ये शार्ल म्युंश आणि बोस्टन सिम्फनीसोबत, हायफेट्झने १९५१ मध्ये विल्यम स्टाइनबर्गसोबत. ओइस्त्राख रुबाबदार, पण जरा भारी पावलांचा. हायफेट्झ शेवटच्या धावपळीत इतका बेफिकीर, की हसूच येतं. सारासाटेच्या ‘त्सिगॉयनरवाइझन’मध्ये तर विचारूच नका, डाव्या हाताने तारा छेडण्याच्या जागा आल्या की मी प्रत्येक वेळी थोडं मागे नेऊन परत ऐकतो.

अडचण एकच: १९५१चं ते मुद्रण मोनो. त्याचा त्रास होत असेल तर ‘इंट्रोडक्शन अँड रोंडो काप्रिचिओसो’ इट्झाक पर्लमनचं घ्या, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबतचं. संचालन आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं, आणि आवाज ऐसपैस.