रॉझवेलचा यूएफओ फेस्टिव्हल: जाऊन या, पण 9 जुलैचा पेपर वाचून

रेटिंग आधीच देऊन टाकते. मजेला 5 पैकी साडेचार, पुराव्याला एक, तोही प्रयत्न केल्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यूएफओ म्हणजे आकाशात दिसणारी अनोळखी वस्तू, आणि 2 जुलैला वर्ल्ड यूएफओ डे असतो, कारण 1947 मधे त्या दिवशी रॉझवेलजवळ परग्रहावरची तबकडी कोसळली असं भक्त मानतात. कुठल्याच सरकारच्या कॅलेंडरात नाही, सुट्टीबिट्टी मिळत नाही, नुसतं आकाशाकडे बघायचं, दिसलं तर दिसलं. काही जण तो 24 जूनला करतात कारण 1947 मधे त्या दिवशी केनेथ अर्नोल्ड नावाच्या पायलटला माउंट रेनियरजवळ काहीतरी चकाकत उडताना दिसलं आणि मग अमेरिकाभर उडत्या तबकड्यांचं पेवच फुटलं. या मंडळींची पंढरी म्हणजे न्यू मेक्सिकोतलं रॉझवेल, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा महिनाही आषाढच असतो. 4 जुलैच्या आसपासच्या वीकेंडला तिथे फेस्टिव्हल असतो, आम्ही टेक्सासहून गाडी काढून गेलो, भारतातून आलेले आईबाबा पण बरोबर.

गाव लहान, पन्नास हजारांच्या आतबाहेर वस्ती, पण अंगात आलंय सगळ्यांच्या. मेन स्ट्रीटवर दिव्यांना एलियनचे काळे तिरके डोळे, मॅकडोनाल्ड्स चक्क तबकडीच्या आकाराचं (रात्री लाइट लागल्यावर फोटो काढा, आत नेहमीचेच फ्राइज), डंकिनची पाटी उचलून धरणारा भलामोठा हिरवा एलियन. कोर्टाचा घुमटसुद्धा हिरवा, पण तो बिचारा 1911 पासून तसाच आहे, त्याचा यात काही संबंध नाही. फेस्टिव्हलात लोक नटूनथटून येतात, माणसांची वेशभूषा स्पर्धा वेगळी आणि कुत्र्यामांजरांची वेगळी. माझं मत विचाराल तर बाकी काही चुकलं तरी चालेल पण कुत्र्यांची चुकवू नका, फॉइलचा टोप घातलेला एक डॅशहंड ज्या तुच्छतेने परीक्षकांकडे बघत होता ना, आई अजून सांगते सगळ्यांना.

इंटरनॅशनल यूएफओ म्युझियम मेन स्ट्रीटवरच आहे, जुन्या सिनेमा थिएटरच्या इमारतीत. तिकीट स्वस्त. मधोमध तबकडी फिरते, धूर निघतो, आवाज येतो, खाली एलियन उभे, लहान मुलं एकदम खूश. बाबा एमएसईबीतून रिटायर झालेत, त्यांना तबकडीपेक्षा तिची वायरिंग कुठून नेलीय यातच इंटरेस्ट. पण खरा वेळ द्यायचा तो भिंतीवरच्या कागदांना, साक्षीदारांची पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं. हे म्युझियम काढणाऱ्यांपैकी एक वॉल्टर हॉट, म्हणजे 8 जुलै 1947 ला 'आम्हाला तबकडी सापडली' अशी प्रेसनोट हवाई तळावरून काढणारा अधिकारी तोच. ज्याने बातमी दिली त्यानेच पुढे म्युझियम काढलं, याला म्हणतात कन्सिस्टन्सी.

आता मुद्द्याचं. गावात कप, टीशर्ट, फ्रिजवरचे मॅग्नेट, सगळीकडे रॉझवेल डेली रेकॉर्ड या तिथल्या पेपरचं 8 जुलै 1947 चं पान, 'हवाई दलाने तबकडी पकडली' वालं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा टीशर्ट मला कुठे दिसला नाही आणि खरी मजा त्यात आहे. तबकडीचे म्हणून गाजलेले तुकडे ज्याला सापडले तो रँचवाला मॅक ब्रेझेल त्यात सांगतो की हे मला 14 जूनला दिसलं. चौदा जून! म्हणजे आपण 2 जुलैला जो दिवस साजरा करतो ती तारीख मूळ माणसाच्या तेव्हाच्या तोंडी नाहीच. सापडलं काय तर रबराच्या पट्ट्या, फॉइल, जाड कागद, काड्या आणि फुलाफुलांची चिकटपट्टी, सगळं मिळून साधारण 5 पौंड. परग्रहावरून इतक्या लांब यायचं आणि फुलाफुलांची चिकटपट्टी लावून? आणि हेडिंगमधेच लिहिलंय की बोललो याचा त्याला पश्चात्ताप होतोय, इतके लोक मागे लागले होते त्याच्या.

पण तोच ब्रेझेल हेही म्हणतो की हा हवामानाचा बलून नक्की नव्हता, ते मी आधी पाहिलेत. भक्तमंडळी हे वाक्य उचलून धरतात आणि त्यात चूक नाही, कारण लष्कराने खरंच थाप मारली होती. 1994 मधे हवाई दलाने रिपोर्ट काढून सांगितलं की ते प्रोजेक्ट मोगलचं सामान असणार, रशियाच्या अणुचाचण्यांचा आवाज टिपायला अलामोगोर्डोहून सोडलेली बलूनची लांबच लांब माळ, खाली फॉइल आणि बाल्साच्या काड्यांचे रडार रिफ्लेक्टर. गुप्त प्रकल्प, म्हणून 'साधा हवामानाचा बलून' सांगून मोकळे झाले. चिकटपट्टीचाही खुलासा आहे, ते रिफ्लेक्टर न्यूयॉर्कच्या एका खेळणी कंपनीकडून करून घेतले होते! मला तर हीच स्टोरी एलियनपेक्षा भारी वाटते, यावर मॅग्नेट काढलं तर मी घेईन. आणि हो, 'क्रॅश साइट कुठेय' असं गावात विचारत फिरू नका, ती जागा कोरोना नावाच्या गावाकडे, रॉझवेलपासून साधारण 75 मैलांवर. रॉझवेलचं नाव लागलं कारण हवाई तळ इथे होता.

खाण्याचं म्हणाल तर मजा. न्यू मेक्सिकोत ऑर्डर घेताना 'रेड ऑर ग्रीन' विचारतात, म्हणजे लाल मिरचीचा सॉस की हिरव्या, डोळे झाकून ग्रीन म्हणा. भाजलेल्या हिरव्या मिरच्या एन्चिलाडावर, बर्गरात, सगळ्यात. अमेरिकेत आल्यापासून आई पहिल्यांदा पर्समधली तिखटाची डबी न उघडता जेवली.

वैताग म्हणजे ऊन, दुपारी मेन स्ट्रीट भाजून निघतो, टोपी आणि पाणी हवंच, फॉइलची टोपी चालणार नाही. त्या वीकेंडला रूमचे भाव चढतात, आमच्या मोटेलचा एसी रात्रभर नुसता घरघरत होता. लेक्चरं ऐकायची तर एखादंच ऐका, दुसऱ्यात तेच फोटो येतात. कार्ल्सबॅड केव्हर्न्स तिथून अंदाजे 100 मैलांवर आहेत, तेवढ्या लांब गेलाच आहात तर जोडून करा, संध्याकाळी गुहेतून हजारो वटवाघळं बाहेर पडतात. त्याचा रिव्ह्यू वेगळा टाकते.